गाणी भरून मिळतील

एखादं गाणं आवडलं की आज आपण काय करतो? रीलमागे वाजलेली धून ओळखून काढतो, ॲपमध्ये शोधतो आणि अधिकच्या खुणेवर अंगठा टेकवतो. गाणं यादीत गेलं. 'गाडीतली गाणी', 'पाऊस', 'जिम', 'रात्री एकनंतर' अशा नावांच्या याद्या बहुतेक प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात, आणि त्या सहसा भरत नाहीत. शंभर काय, हजार गाणी टाकली तरी ॲप कुरकुरत नाही.

आवडीच्या गाण्यांची यादी करणं काही आपल्याला स्मार्टफोनने शिकवलेलं नाही. फोन यायच्या कितीतरी आधी ही यादी वहीत होती, पोस्टकार्डावर होती, कॅसेटच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहिलेली होती, नखाएवढ्या मेमरी कार्डात होती. या प्रत्येक टप्प्याला एक साधा प्रश्न विचारून बघता येतो. यादी माझ्याकडे आहे, पण गाणं कुठे आहे? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं, आणि त्याबरोबर 'माझं आवडतं गाणं' या शब्दांतल्या 'माझं'चा अर्थही बदलत गेला.

शब्द वहीत, चाल गळ्यात

सगळ्यात जुनी यादी वहीतली. मराठीत तिला 'बाड' असा छान शब्द आहे. बाड म्हणजे हाताने उतरवून घेतलेल्या अभंगांचा, पदांचा, आरत्यांचा संग्रह. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे यांच्या वह्या महाराष्ट्राला माहीत आहेत. पण ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत अशा कितीतरी लोकांनी आपापल्या घरी, आपापल्या आवडीची बाडं लिहिली. वारकऱ्यांच्या 'भजनी मालिके'त तर नुसते अभंग नसतात, क्रमही असतो. कोणत्या वेळी काय म्हणायचं आणि कशामागून काय घ्यायचं, हे ठरलेलं. प्लेलिस्टला मराठी शब्द शोधायचा झाला तर 'मालिका' हा शब्द तयारच होता. पण टीव्हीने तो आधीच पळवला.

विसाव्या शतकात या बाडाची 'गाण्यांची वही' झाली. चित्रपटाच्या गाण्यांच्या चोपड्या थोड्या पैशांत विकत मिळायच्या. ज्यांना तेही परवडत नसे ते शब्द उतरवून घ्यायचे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, एकामागून एक, छप्पन्न गाणी. गदिमा लिहीत होते, सुधीर फडके चाली लावत होते आणि लोक ऐकत होते. मागणी इतकी, की नवं गाणं प्रसारित झालं की त्याचे शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. ऐकणाऱ्याच्या हाती शब्द राहिले. गाणं मात्र हवेतून आलं आणि हवेत गेलं. ते पुन्हा ऐकायचं तर स्वतःच गायचं, किंवा शेजारच्या काकूंना गायला सांगायचं.

वहीच्या काळात यादीतलं गाणं ऐकायचं म्हणजे कुणीतरी ते गायला हवं. जे गाणं मला म्हणता येत नाही, ते माझ्या वहीत असून नसल्यासारखंच.

तबकडीवरचं नाव

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात उतरला आणि त्याने गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या कलावंतांना एवढ्याशा जागेत बसायचं होतं. गौहर जानने ते जमवलं. त्या जुन्या ध्वनिमुद्रणांत एक गंमत ऐकू येते. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. याचं कारण असं सांगितलं जातं, की मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे तबकड्या तयार व्हायच्या, आणि तिथल्या तंत्रज्ञांना कुठला आवाज कुणाचा हे कळायला हवं होतं. आज गाण्याच्या फाइलसोबत गायक, अल्बम, वर्ष अशी माहिती चिकटवलेली असते. ११० हून अधिक वर्षांपूर्वी एका गायिकेने ती माहिती थेट गाण्यातच भरून ठेवली होती.

तीन मिनिटांच्या या मापातच मराठी भावगीत वाढलं. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी गाजली. भावगीताचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख सहसा अगदी सुरुवातीला येतो. एक ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मध्ये थोडं वाद्यांचं संगीत. नाट्यपदासारखा विस्तार नाही, ख्यालासारखी बढत नाही. वेळ कमी होता, म्हणून शब्द पुढे आले आणि कवीचं नाव महत्त्वाचं झालं.

तबकडी आली आणि गाणं प्रथमच घरात ठेवायची वस्तू झालं. पण वस्तू महाग होती. एका तबकडीवर दोन गाणी, एक वर, एक खाली. अनेक तबकड्या ठेवायला फोटोंच्या वहीसारखा पाकिटांचा गठ्ठा असायचा. त्याला 'अल्बम' म्हणत, आणि गाण्यांच्या संचाला आपण आजही अल्बम म्हणतो तो तिथूनच. बहुतेक घरांत ना ग्रामोफोन होता, ना अल्बम. गाणं वस्तू झालं खरं, पण दुसऱ्याच्या घरातली.

फर्माईश

मग रेडिओ आला, आणि यादी पोस्टकार्डावर गेली.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटसंगीत त्यांना हलकं वाटायचं. आकाशवाणीवर त्याला कात्री लागली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून निवेदनातून ते नाव गेलं. निर्माते चिडले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास गायब झाली. श्रोत्यांनी सरळ रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथे ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी अमीन सयानींनी 'बिनाका गीतमाला' सुरू केली. सुरुवातीला सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बरोबर आला तर बक्षीस, अशी योजना होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी पुढे अनेक मुलाखतींत सांगत. वर्षभरात आठवड्याला येणाऱ्या पत्रांचा आकडा ६५ हजारांपर्यंत गेला. ही पत्रं तपासणं अशक्य झाल्यावर स्पर्धा बंद झाली आणि तबकड्यांची विक्री व श्रोता संघांची मतं यांवरून क्रमवारी लागू लागली. बुधवारी रात्री आठ वाजता आपल्या आवडीचं गाणं कितव्या पायरीवर आहे, हा देशभरच्या चर्चेचा विषय झाला.

१९५७ मध्ये आकाशवाणीने विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा घरात घेतलं. मग फर्माईशींचा जमाना बहरला. आकाशवाणीवर मराठीत 'आपली आवड' होती, सैनिकांसाठी 'जयमाला' होती. गाण्याआधी निवेदक गावाचं नाव घ्यायचे, मग फर्माईश करणाऱ्यांची नावं, मग 'आणि त्यांचे सर्व कुटुंबीय'. आजच्या झारखंडमधल्या झुमरीतलैया या अभ्रकाच्या खाणींच्या गावातून इतकी पत्रं जायची, की ते गाव खरंच आहे की रेडिओवाल्यांनी रचलेलं, असा लोकांना प्रश्न पडायचा. गाव खरं होतं. तिथे फर्माईश पाठवणाऱ्यांचे गट होते आणि त्यांच्यात चुरस होती. प्रतिस्पर्ध्यांची पत्रं पोस्टातच अडकवल्याचे किस्सेही तिथे सांगितले जातात.

ही माणसं एवढा खटाटोप कशासाठी करत होती? फर्माईश केलेलं बरंचसं गाणं त्यांना पाठ असायचं, आणि ते आज ना उद्या लागणारच होतं. त्यांना ते आपल्या नावासह लागायला हवं होतं. पोस्टकार्डावरची यादी खाजगी नव्हती. मला हे गाणं आवडतं, हे देशाला ऐकू जायचं. गाणं स्टेशनच्या कपाटात, कधी लागेल ते स्टेशनच्या हातात. श्रोत्याकडे फक्त नाव. एक गाण्याचं आणि एक स्वतःचं.

पत्रांमध्ये ताकद होती, याचा पुरावा याआधीच मिळाला होता. १९४९ च्या 'महल'मधलं लता मंगेशकरांचं गाणं प्रचंड गाजलं, पण तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. तेव्हाची तशीच पद्धत होती. हा आवाज कुणाचा, अशी विचारणा करणारी पत्रं रेडिओकडे येत राहिली आणि अखेर लताबाईंचं नाव हवेवरून सांगितलं गेलं. पार्श्वगायकाचं नाव तबकडीवर छापण्याची रीत त्यानंतर रुळली.

भरून घेणं

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडे ती घरोघरी पोहोचली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीला आणि ऐंशीच्या दशकात. कॅसेटबरोबर मराठीत एक क्रियापद आलं : भरणं. कॅसेट रेकॉर्ड करतात असं फारसं कुणी म्हणत नसे. कॅसेट 'भरून घेतात'. डबा भरावा, पोतं भरावं, तशी.

कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी लिहिलेला कागद घेऊन दुकानात जायचं. दुकानदाराकडे तबकड्या, लाँग प्ले आणि दोन डेक. तो तुमच्या यादीबरहुकूम गाणी भरून द्यायचा. यातलं बरंचसं काम कॉपीराइटच्या कायद्याला धरून नव्हतं, पण दुकानावर पाटी असायची. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी १९८१ मध्ये घरगुती टेपिंगमुळे संगीत मरतंय अशी मोहीमच काढली, कॅसेटखाली दोन हाडं असं चिन्ह करून. दुकानाचे पैसे ज्यांना जड जायचे ते रेडिओवरून भरायचे. दोन बटणांवर दोन बोटं ठेवून गाण्याची वाट बघायची, आणि नेमकं शेवटच्या आलापावर निवेदक बोलायला लागायचा. तो आवाज मग कायमचा त्या गाण्याचा भाग होऊन बसे. टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून भरलेल्या कॅसेटींत कुकरच्या शिट्ट्याही आहेत.

सी-६० कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं. चार-पाच मिनिटांची सहा-सात गाणी. 'बरसात की रात'मधली ती बारा मिनिटांची कव्वाली घ्यायची तर बाजूचा मोठा हिस्सा तिलाच जाणार. म्हणजे दुसरी तीन गाणी सोडायची. शेवटी दोन मिनिटं उरली तर ती कोरी ठेवायची, की एखादं गाणं अर्ध्यावर तुटू द्यायचं? यादी करणं म्हणजे काय टाकायचं एवढंच नव्हतं, काय सोडायचं तेही ठरवणं होतं. क्रमही पक्का, कारण मधलं गाणं वगळायचं तर फीत पुढे पळवावी लागे. शिवाय निर्णय कायमचा करायची सोय होती. कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी चकती तोडली, की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. विचार बदलला तर त्या भोकावर चिकटपट्टी.

कॅसेटने आणखी एक मोठं काम केलं. ती बनवणं स्वस्त होतं. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मधल्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात हे उत्तर भारताच्या संदर्भात सविस्तर मांडलंय : उत्पादनाचा खर्च उतरला तसे छोटे छोटे उत्पादक उभे राहिले, आणि मोठ्या कंपनीच्या यादीत ज्यांना जागा नव्हती त्या बोली, ते गायक, ती गाणी बाजारात आली. महाराष्ट्रातही हेच दिसलं. जत्रेतली गाणी, कोळीगीतं, लोकगीतं, भीमगीतं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद शिंदे यांचे आवाज चहाच्या टपरीपासून ट्रकपर्यंत सगळीकडे पोहोचले. वामनदादा कर्डकांची गाणी गायनपार्ट्यांच्या तोंडून गावोगाव फिरत होतीच. आता ती कॅसेटीतूनही फिरू लागली. परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी भरलेल्या कॅसेटी असायच्या.

या टप्प्यावर आपल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं होतं. यादी कुठे आहे? कॅसेटीत. गाणं कुठे आहे? त्याच कॅसेटीत. यादी आणि गाणं एकाच वस्तूत होतं. ती कॅसेट कुणाला दिली तर दोन्ही त्याच्याकडे जायचं, फीत गुंतली तर दोन्ही एकदम जायचं.

नुसते पत्ते

१९९० च्या दशकात जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या आणि तिच्या सहकाऱ्यांच्या कामातून एमपीथ्री हे स्वरूप पुढे आलं. माणसाच्या कानाला जे ऐकूच येणार नाही ते ध्वनीतून काढून टाकायचं, म्हणजे फाइल साधारण दहा पट लहान होते. १९९७ मध्ये विनॅम्प हे सॉफ्टवेअर आलं आणि संगणकावरची प्लेलिस्ट घराघरांतल्या स्क्रीनवर दिसू लागली.

विनॅम्प आपली यादी 'एमथ्रीयू' नावाच्या फाइलमध्ये जपून ठेवायचं. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते. उघडली की आत संगीत नसतं. एका ओळीवर एक पत्ता असतो : अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक गाणं. बस्स. शंभर गाण्यांची यादी काही किलोबाइटमध्ये मावते, कारण तिच्यात एकही गाणं नाही. फोल्डरचं नाव बदललं किंवा गाणी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली, की यादी तशीच दिसते पण वाजत नाही. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आम्ही रोज हेच करतो. एकच वस्तू दहा ठिकाणी लागत असेल तर दहा प्रती करायच्या नाहीत, एक प्रत ठेवून दहा ठिकाणी तिचा पत्ता द्यायचा. जागा वाचते, काम सोपं होतं. पण गाण्यांच्या बाबतीत हा मोठा बदल होता. यादी आणि गाणं इथे पुन्हा वेगळं झालं.

आपल्यापैकी अनेकांना विनॅम्पपेक्षा जवळचं आहे ते मेमरी कार्ड. एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानांवर पाटी असायची : 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील'. कॅसेटचं क्रियापद नव्या यंत्राला आपोआप चिकटलं. फरक असा, की आता यादीचा कागद लागत नव्हता. दुकानदार 'जुनी हिंदी', 'मराठी लोकगीते', 'डीजे' असे अख्खे फोल्डर उचलून टाकायचा. एकदम तीनशे-चारशे गाणी. आवडती कोणती हे नंतर ऐकून ठरवायचं. आणि त्या फाइलींवर गायकाच्या नावाच्या जागी बरेचदा कुठल्यातरी चोरट्या संकेतस्थळाचं नाव असायचं. गौहर जानने गाण्यात नाव कोरलं, लताबाईंचं नाव पत्रं पाठवून मिळालं, आणि आमच्या पिढीच्या मेमरी कार्डात संगीतकाराच्या रकान्यात 'डॉट कॉम' आलं.

तरीही गाणं आपल्या खिशात होतं. नेट नसलं तरी वाजायचं. ब्लूटूथने मित्राच्या फोनवर जायचं आणि तिथे त्याचं होऊन राहायचं.

करड्या पडलेल्या ओळी

स्ट्रीमिंगने हा शेवटचा धागाही सोडवला. आता आपली यादी ही कंपनीच्या डेटाबेसमधल्या काही ओळी असतात. यादीचा क्रमांक, गाण्याचा क्रमांक, ते केव्हा टाकलं ती तारीख. गाणं त्यांच्या सर्व्हरवर, आणि ते वाजवायचा हक्क त्यांच्या व संगीत कंपनीच्या करारावर. करार मोडला की ओळ करडी पडते.

हे अनेकदा झालंय. स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आलं. त्याच वर्षी सारेगामा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तिची गाणी स्पॉटिफायवरून हटवली गेली. सारेगामा म्हणजे जुनी ग्रामोफोन कंपनी, एचएमव्ही. म्हणजे कोलकात्यात गौहर जानला ध्वनिमुद्रित करणाऱ्या कंपनीची वारसदार, आणि जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा फार मोठा साठा तिच्याकडे. करार व्हायला २०२० उजाडलं. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी अशीच गेली. २०२४ मध्ये एअरटेलने विंक हे ॲपच बंद केलं. अशा वेळी गाणी दुसरीकडे ऐकता येतात, पण वर्षानुवर्षं लावत आणलेली यादी हलवायची खटपट आपल्यालाच करावी लागते.

हे रडगाणं नाही. बारा मिनिटांच्या कव्वालीसाठी आता दुसरी तीन गाणी सोडावी लागत नाहीत. उदगीरमधल्या मुलीला आणि न्यू जर्सीतल्या मुलाला एकाच क्षणी तेच गाणं ऐकता येतं. पैशांअभावी ज्यांच्या घरात कधी तबकडी आली नाही, त्यांच्या नातवंडांच्या हातात अख्खं कपाट आलंय. फक्त ते कपाट भाड्याचं आहे, एवढं लक्षात असलेलं बरं. उत्तर पुन्हा पोस्टकार्डाच्या काळातलं झालंय : गाणं स्टेशनकडे, आपल्याकडे नाव.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. पोस्टकार्ड निवेदक वाचायचा. आपली यादी यंत्र वाचतं. शिफारस करणाऱ्या प्रणालींची एक नेहमीची पद्धत अशी, की लाखो लोकांच्या याद्या घ्यायच्या आणि कोणती गाणी वारंवार एकत्र येतात ते बघायचं. यादी म्हणजे जणू वाक्य आणि गाणी म्हणजे त्यातले शब्द. जे शब्द शेजारी शेजारी येतात ते एकमेकांचे नातेवाईक. मग एकाच्या यादीतलं गाणं दुसऱ्याला सुचवलं जातं. म्हणजे आपण गाणं यादीत टाकतो तेव्हा नकळत मत देत असतो. जे गाणं मोजक्याच याद्यांमध्ये आहे, ते मोजक्याच लोकांना सुचवलं जातं. २०२४ पासून तर स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला मानधनाच्या हिशेबात धरत नाहीत. हिंदी-पंजाबीच्या गर्दीत एखाद्या मालवणी, अहिराणी किंवा झाडीबोलीतल्या गाण्यासाठी हा उंबरा उंच आहे.

आणि कॅसेटच्या काळात बाजारात आलेलं सगळं या कपाटात आलेलंही नाही. छोट्या कंपन्या बंद पडल्या, मूळ फिती बुरशीने गेल्या, हक्क कुणाचे ते सांगायला कुणी उरलं नाही. अशी गाणी शोधली तर सापडत नाहीत, आणि सापडत नाहीत म्हणून कुणाच्या यादीत जात नाहीत. तबकड्यांच्या बाबतीत हे काम काही प्रमाणात हौशी लोकांनी केलं. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली, सुरेश चांदवणकरांसारख्या संग्राहकांनी तबकड्यांबरोबर त्यांच्यावरची माहितीही जपली. जत्रेतल्या, जयंतीतल्या कॅसेटींना असं कुणी भेटायचंय. त्या अजून अनेक घरांच्या माळ्यावर आहेत, आणि चुंबकीय फीत फार वर्षं थांबत नाही.

एक रिकामा रकाना

बहुतेक ॲप आपली माहिती उतरवून घ्यायची सोय देतात. सेटिंगमध्ये जाऊन मागणी केली की काही दिवसांनी एक फाइल येते. त्यात आपल्या सगळ्या याद्या साध्या अक्षरांत असतात : गाण्याचं नाव, कलाकाराचं नाव, अल्बमचं नाव, टाकल्याची तारीख. ती फाइल वाचायला मजा येते. अमुक महिन्यात आपण कुठल्या मूडमध्ये होतो, कुणाच्या नादाने कुठलं गाणं घेतलं, सगळं तारखेसह समोर येतं. थोडक्यात, ती गाण्यांची वहीच आहे.

फक्त या वहीत एक रकाना नाही. कवीचा. संगीतकाराचाही नाही, असला तर 'कलाकार' म्हणून गायकाच्या रांगेत. आकाशवाणीवर गाणं लागायचं तेव्हा कवी, संगीतकार, गायक ही तिन्ही नावं कानावर पडायची. आरती प्रभू, ग्रेस, बा. भ. बोरकर, शांता शेळके ही नावं कवितासंग्रह कधी न उघडलेल्या माणसांनाही माहीत होती, ती या निवेदनांमुळे. मराठी माणूस गाण्याला बरेचदा कवीच्या नावाने ओळखतो. ज्यांनी ही रचना आखली त्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी पॉप गाणं असावं. तिथे गायकाचं नाव पुरतं. काही ॲपमध्ये तीन ठिपके दाबून श्रेयनामावली बघता येते, पण मराठी गाण्यांपुढे ती बरेचदा अर्धवट असते, आणि यादीत तर ती उतरतच नाही.

'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. तिथे गाण्याच्या शब्दांखाली कवी, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक, अनेकदा रागही दिलेला असतो. कुठल्या कंपनीने नाही, गाण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी भरलेलं हे बाड आहे.

गाणं आपल्याकडे नाही, नाव आपल्याकडे आहे. मग निदान ते नाव तरी पुरतं असावं. यादीची फाइल उतरवून घ्यायची, स्प्रेडशीटमध्ये उघडायची आणि कलाकाराच्या शेजारी दोन रकाने वाढवायचे. पाच-सहाशे गाण्यांची यादी असेल तर दोन रविवार जातील. माहीत नसलेली नावं शोधावी लागतील, आईला विचारावी लागतील, एखाद्या जुन्या कॅसेटचा पुठ्ठा उघडून बघावा लागेल. त्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत ती बहुधा असतील, आणि आत कॅसेटही असेल. ती वाजते का, तेही बघून घ्यावं.